पिकअप थंडीत उचलत नव्हती, पंप खराब नव्हता, डिझेलच्या लाईनीत एअर निघाली

मागं सांगितलं होतं ना, आपली जुनी डिझेल पिकअप रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ मस्त फिरतो पण इंजिन पकडतच नाही, आणि एकदा कशीबशी लागली की मग दिवसभर हाफ सेल्फमध्ये स्टार्ट. नागपूरची थंडी म्हणून सगळे हीटरवरच, म्हणजे थंड इंजिनात डिझेल पेटायला मदत करणाऱ्या ग्लो प्लगवरच, येऊन राहिले होते, एका मिस्त्रीनं तर सरळ डिझेलचा मुख्य पंप उतरवायला सांगितला. पंप उतरवायच्या आधी सायलेन्सर बघा राजेहो. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत जाऊन राहिलंय पण जळत नाही, मग हीटर नाहीतर कॉम्प्रेशन. आपल्याकडे धूरच नाही. म्हणजे सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या नोझलपर्यंत डिझेलच पोचत नाही, तिथं हीटर तापवून काय होणार?

बॅटरी ठीक होती, उभ्यानं १२.६ व्होल्ट आणि सेल्फ मारताना १० च्या वर.

मग डिझेल फिल्टरच्या इनलेटला वीतभर पारदर्शक पाईप लावला. रात्री टॉर्च मारून पाहिलं तर गच्च भरलेला, सकाळी अर्धा रिकामा, आणि हँड प्रायमर (हातानं दाबून डिझेल ओढायचा छोटा पंप) मारला की बारीक बारीक बुडबुडे सुरू. टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपापर्यंतची) लाईन ही ओढणारी, तिथं फट असली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते, म्हणून गाडीखाली एक थेंब दिसत नाही आणि रात्रीतून सगळं डिझेल टाकीकडं परत उतरतं.

चीर सापडली टाकीजवळच्या रबरी पाईपला, क्लिपच्या अगदी कडेला. आपल्या इथल्या ४५ डिग्रीच्या उन्हाळ्यांनी रबर पार कडक झालेलं, वाकवलं की केसाएवढी उघडायची, सोडलं की गायब. डिझेलचाच पाईप टाकला, पाण्याचा टाकू नका, तो फुगतो. बॅन्जो बोल्टचे (पाईप जोडायच्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वायसरही नवे. मग फिल्टरचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) ढिला करून फेस जाऊन सरळ धार येईपर्यंत प्रायमर, नंतर नोझलच्या पाईपांचे नट जरासे ढिले करून सेल्फ. तिथं बोटं लांब ठेवा, प्रेशरचं डिझेल कातडीत घुसतं. आणि हीटरवाल्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे अजिबात नको, गरम हीटरवर वेळेआधी पेटतो आणि पिस्टनची रिंग जाते.

आता धूर पण येतो आणि गाडी पण लागते, भल्या सकाळी, पाईप काठोकाठ भरलेला! तो पारदर्शक तुकडा सध्या तसाच ठेवलाय. फक्त पहिल्या मिनिटभर एक सिलिंडर मिस मारून राहिला, मीटर लावला तर त्याचा हीटर ओपन दाखवतो, म्हणजे आतून तुटलेला, बाकीचे एक ओमच्या आसपास. तो एकटा बदलावा की सगळा सेट? मृगाची संत्री निघाली की काटोलवरून नागपूरच्या कळमना मार्केटला फेऱ्या लागतील, त्याच्या आत हे उरकायचं आहे, कुणी केलं असेल तर सांगा.