हत्तीण, पतंग आणि एकच रेणू

१९९६ साली अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ बेट्स रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आशियाई हत्तिणीच्या मूत्रातला एक पदार्थ ओळखला. हत्तीण माजावर येण्याच्या सुमारास त्याचे प्रमाण वाढत जाते आणि त्याचा वास लागला की नर हत्ती मीलनाच्या तयारीला लागतो. झेड-७-डोडेसेनिल ॲसिटेट असे लांबलचक नाव असलेला हा पदार्थ कीटकशास्त्रज्ञांना मात्र आधीपासूनच ठाऊक होता, कारण शंभराहून अधिक जातींच्या पतंगांच्या माद्या नराला बोलावण्यासाठी हाच पदार्थ, सुटा किंवा इतर घटकांत मिसळून, हवेत सोडतात. तीन-चार टनांचा प्राणी आणि दोन-चार सेंटिमीटरचा पतंग यांचे प्रेमाचे निमंत्रण एकाच रेणूवर लिहिलेले असावे, हे मला आजही विलक्षण वाटते.

अशा निरोप देणाऱ्या रसायनांविषयी, म्हणजे फेरोमोनविषयी बोलताना ‘अमुक रसायनाने अमुक वर्तन घडते’ असे सहज म्हटले जाते, आणि त्यात अर्धीच गोष्ट सांगितली जाते. तो रेणू कोणाच्या नाकात किंवा शृंगिकेत (कीटकाच्या डोक्यावरच्या, गंध टिपणाऱ्या मिशीत) पोचला, किती प्रमाणात, आणखी कोणत्या रेणूंच्या सोबतीने आणि कोणत्या ठिकाणी पोचला, यावर त्याचा अर्थ ठरतो. कपाशीच्या पट्ट्यात वाढल्यामुळे या विषयाशी माझी पहिली ओळख शेतात टांगलेल्या, मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढून घेणाऱ्या कामगंध सापळ्यामुळे झाली आणि बराच काळ मीही त्याकडे केवळ ‘नर पतंग पकडण्याचे साधन’ म्हणूनच पाहत असे. तो सापळा कसा चालतो हे समजून घ्यायचे, तर आधी रेशीमकिड्याकडे जावे लागते.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनांट यांनी रेशीमकिड्याच्या सुमारे ५ लाख माद्यांच्या ग्रंथी गोळा केल्या आणि दोन दशके चाललेल्या या कामातून अखेर काही मिलीग्रॅम शुद्ध पदार्थ त्यांच्या हाती आला. १९५९ साली त्यांनी त्याची रचना जाहीर केली आणि त्याला बॉम्बिकॉल हे नाव दिले. त्याच वर्षी पीटर कार्लसन आणि मार्टिन ल्युशर यांनी अशा पदार्थांसाठी ‘फेरोमोन’ ही संज्ञा सुचवली: एका प्राण्याने शरीराबाहेर सोडलेला आणि त्याच जातीच्या दुसऱ्या प्राण्यात ठरावीक प्रतिक्रिया घडवणारा पदार्थ. रेशीमकिड्याचा नर माणसाळल्यामुळे उडणेच विसरला आहे. तरीही बॉम्बिकॉलचा अंश शृंगिकांवर पडताच तो पंख फडफडवत मादीच्या दिशेने चालू लागतो. पुढे झालेल्या प्रयोगांत असे दिसले, की त्याच्या शृंगिकेवरच्या चेतापेशीत संवेदनेचा एक ठोका उमटण्यासाठी बॉम्बिकॉलचा केवळ एक रेणू पुरेसा असतो.

रानातल्या पतंगाचे काम याहून कठीण असते. मादीचा वास उगमाकडे क्रमाने वाढत जाईल असा हवेत पसरत नाही. वारा त्याच्या चिंध्या करतो आणि नराला गंधाचे तुटक धागे तेवढे लागतात. धागा लागला की नर वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उडतो आणि धागा सुटला की वाऱ्याला आडवा, डावी-उजवीकडे हेलकावे घेत तो पुन्हा शोधतो. गंध त्याला ‘मादी आहे’ एवढेच सांगतो. ती कोणत्या दिशेला आहे हे वाऱ्यावरूनच कळते.

त्यातही तो नुसता एक वास ओळखत नाही, मिश्रणाचे प्रमाण ओळखतो. हरभऱ्यावरची घाटेअळी, म्हणजेच कपाशीवरची हिरवी बोंडअळी, हिच्या पतंगाचा कामगंध मुख्यतः दोन घटकांचा असतो आणि त्यांचे प्रमाण साधारण ९७ ला ३ असे असते. तिचीच एक जवळची बहीण-जात तेच दोन घटक जवळपास उलट प्रमाणात वापरते. दोन्हींचे पतंग एकाच शिवारात एकाच रात्री उडत असले, तरी नर आपल्याच जातीच्या मादीकडे जातो, आणि ही सगळी शिस्त दोन पदार्थांच्या प्रमाणावर उभी आहे. कृषी सेवा केंद्रात हेलिल्यूर, स्पोडोल्यूर, पेक्टिनोल्यूर अशा वेगवेगळ्या ल्यूर, म्हणजे सापळ्यात लावायची कामगंधाची आमिषे, का मागाव्या लागतात, याचे कारणही हेच. सापळा तोच, पण हिरव्या बोंडअळीची ल्यूर गुलाबी बोंडअळीच्या पतंगासाठी निरर्थक असते.

आता पुन्हा हत्तीकडे वळतो, कारण एकच रेणू दोन प्राण्यांत वापरला जाऊनही घोटाळा का होत नाही, याचे उत्तर तिथे अधिक स्पष्ट दिसते. पतंगाची मादी नॅनोग्रॅममध्ये मोजावा इतका अंश हवेवर सोडते. हत्तिणीचा निरोप मूत्रात असतो, जमिनीवर पडलेला असतो, आणि नर तो नुसता हुंगत नाही. सोंडेच्या टोकाने मूत्राला स्पर्श करून तो ते टोक तोंडात, टाळूवरच्या दोन बारीक छिद्रांशी नेतो. तिथून वाट जेकबसनच्या अवयवाकडे जाते, आणि हा अवयव अशाच निरोपांसाठी आहे. रेडा किंवा बैल मूत्र हुंगून वरचा ओठ मुडपतो, तेव्हा तोही हेच करत असतो. खेड्यात राहिलेल्या माणसाने ते दृश्य पाहिलेले असते, त्यामागचा अवयव मात्र सहसा ठाऊक नसतो. हत्तिणीचे ऋतुचक्र १४ ते १६ आठवड्यांचे, त्यातले फलनक्षम दिवस थोडके, गर्भ राहिला तर पुढचे सुमारे २२ महिने गर्भारपणाचे, आणि वयात आलेले नर कळपापासून वेगळे भटकणारे. अशा परिस्थितीत जमिनीवर टिकून राहणारा, वाटेवरून जाणाऱ्या नराला वाचता येणारा निरोप नसता, तर या प्राण्याची गाठ पडणेच अवघड झाले असते.

नराचा निरोप मादीच्या निरोपाहून अधिक गुंतागुंतीचा आहे. मदमस्त हत्तीच्या गंडस्थळाजवळच्या ग्रंथीतून जो मद झरतो, त्यात फ्राँटॅलिन नावाचा पदार्थ असतो. उत्तर अमेरिकेतल्या पाइनच्या झाडांची साल पोखरणारे भुंगेरे आपल्या जातभाईंना झाडावर गोळा करण्यासाठी हाच पदार्थ वापरतात. फ्राँटॅलिनचा रेणू डाव्या-उजव्या हातांसारख्या दोन प्रतिबिंबरूपांत असू शकतो. नुकत्याच मदावर येऊ लागलेल्या तरुण नरात एका रूपाचे प्रमाण जास्त असते आणि प्रौढ नरात दोन्ही रूपे जवळजवळ समसमान होतात. याच समसमान मिश्रणाकडे फलनक्षम काळातल्या माद्या आकर्षित होतात, तर इतर नर त्याला टाळतात. म्हणजे वय, दर्जा आणि धोका यांची सगळी माहिती एकाच पदार्थाच्या दोन रूपांच्या गुणोत्तरात आहे, आणि वाचणारा कोण आहे त्याप्रमाणे ‘ये’ किंवा ‘दूर राहा’ असा तिचा अर्थ लागतो. तरुण नराच्या मदाला मधासारखा गोड वास येतो आणि प्रौढ नराचा मद उग्र असतो, हेही २००२ सालच्या संशोधनात रासायनिक विश्लेषणाने दाखवले गेले. संस्कृत कवी गंडस्थळाभोवती भुंगे फिरवतात ते केवळ अलंकार म्हणून, असे मी तोवर धरून चाललो होतो.

एकाच जातीत, एकाच पदार्थाचे वेगवेगळे अर्थ पाहायचे असतील, तर मधमाशीसारखे उदाहरण नाही. राणीमाशीच्या जबड्याजवळच्या ग्रंथीतून येणारा मुख्य पदार्थ पोळ्यात असतो तेव्हा कामकरी माश्यांसाठी तो ‘राणी आहे’ अशी सततची ग्वाही असतो. त्या राणीला चाटतात, तो पदार्थ अंगावर घेतात आणि एकमेकींना देत देत पोळेभर पसरवतात. तो मिळत असेपर्यंत नव्या राणीसाठी कोठ्या बांधल्या जात नाहीत, आणि कामकरी माश्यांच्या अंडकोशांची वाढ दबलेली राहते. राणी नाहीशी झाली, की काही तासांतच पोळ्यात अस्वस्थता पसरते. हाच पदार्थ उंच हवेत, मीलनाच्या उड्डाणाला निघालेल्या कुमारी राणीच्या अंगावर असतो, तेव्हा नर माश्या त्याच्यामागे झेपावतात. पोळ्याच्या आत मात्र तेच नर राणीच्या शेजारून निर्विकारपणे जातात. पदार्थ तोच, नाक तेच. फक्त जागा बदलली.

धोक्याचा गंध याच्या अगदी उलट, क्षणात काम करणारा. नांगीबरोबर सुटणाऱ्या या गंधातला मुख्य घटक आपल्या नाकाला पिकलेल्या केळ्यासारखा लागतो. एका माशीने डंख केला की त्या जागेवर खूण राहते आणि बाकीच्या माश्या तिथेच तुटून पडतात. आग्या मोहोळ उठल्यावर झटकाझटकी करू नये, दूर पळावे, असे जाणती माणसे सांगतात, त्याला हेही एक कारण आहे. पेटीतल्या सातेरी माश्या हाताळणारा माणूस आधी धूर देतो, तो काही अंशी या गंधाची जाणीव बोथट करण्यासाठी.

वाघाचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. भारतीय शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनी वाघाच्या खुणेच्या द्रावाचा, म्हणजे हद्द राखण्यासाठी तो झाडाझुडपांवर जो फवारा मारतो त्याचा, दीर्घकाळ अभ्यास केला. ज्या रेणूमुळे बासमतीला आणि आपल्या आंबेमोहोराला सुवास येतो, तोच रेणू त्यांना या द्रावात सापडला. ताडोबासारख्या जंगलात एखाद्या खोडापाशी भात शिजत असल्यासारखा वास आला, तर त्यामागे असे सरळ रासायनिक कारण असू शकते.

जिथे वाचणाऱ्यावर सगळा भरवसा असतो, तिथे फसवणुकीलाही वाव असतो. अमेरिकेतला बोलास कोळी जाळे विणत नाही. तो एका धाग्याच्या टोकाला चिकट थेंब लटकवतो आणि पतंगाच्या मादीसारखा गंध सोडून नराला त्या थेंबाच्या टप्प्यात आणतो. याची एक जात एकाच रात्री दोन वेगळ्या पतंगांना फसवते: संध्याकाळी लवकर उडणारी एक जात आणि उशिरा उडणारी दुसरी. रात्र चढते तसे ती गंधाचे मिश्रणही बदलते.

माणसाबद्दल थोडक्यातच सांगतो. रासायनिकदृष्ट्या निर्विवादपणे ओळखला गेलेला असा माणसाचा एकही फेरोमोन आजवर सापडलेला नाही. ‘फेरोमोनयुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही अत्तरांत जे असते ते डुकराच्या लाळेतले अँड्रोस्टेनोन. माजावर आलेली डुकरीण त्याच्या वासाने जागीच स्तब्ध उभी राहते. माणसांपैकी काहींना हा वास येतच नाही, काहींना गोडसर वाटतो आणि काहींना शिळ्या मूत्रासारखा. पैसे खर्च करण्याआधी एवढे माहीत असलेले बरे.

बोलास कोळ्यासारखीच फसवणूक कामगंध सापळ्यात आपण करतो, आणि ती कुठवर चालते हे समजून घेणे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यासाठी पैशाचा प्रश्न आहे. गुलाबी बोंडअळीचा खरा कामगंध १९७३ साली ओळखला गेला. तो एकाच पदार्थाच्या दोन रूपांचे जवळजवळ समान मिश्रण आहे. आपल्याकडे शिफारस आहे हेक्टरी ५ सापळ्यांची, आणि सलग तीन रात्री एका सापळ्यात सरासरी ८ पतंग आले तर उपाययोजना करण्याची. म्हणजे हे सापळे मोजणीसाठी आहेत. काही दुकानदार ते जणू औषधच असल्यासारखे विकतात, ते चूक आहे. एक नर अनेक माद्यांशी मीलन करतो, त्यामुळे निम्मे नर पकडले गेले तरी उरलेल्यांच्या बळावर बहुतेक माद्या फलित अंडी घालतात.

दुसरा मार्ग आहे मीलनात अडथळा आणण्याचा. कामगंध भरलेल्या दोऱ्या किंवा मेणासारखे ठिपके शेतभर लावून हवेत इतका गंध भरायचा, की नराला खऱ्या मादीचा धागा सापडूच नये. अमेरिकेने २०१८ साली आपल्या कपाशीच्या पट्ट्यातून गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले, त्यात बीटी कपाशी आणि वंध्य पतंग सोडण्याच्या जोडीने या पद्धतीचाही वाटा होता. आपल्याकडे अडचण येते ती बांधाची. दोन-तीन एकरांच्या तुकड्यावर एकट्याने दोऱ्या बांधल्या, तरी शेजारच्या शेतात आधीच मीलन झालेली मादी उडत येऊन अंडी घालते आणि काही दिवसांत आपल्या कपाशीवर डोमकळ्या, म्हणजे आत अळी असलेली, नीट न उमलणारी फुले, दिसू लागतात. त्या मादीला आता नराला बोलवायचेच नसते, त्यामुळे आपण हवेत भरलेल्या गंधाने तिचे काहीच अडत नाही. म्हणून हा उपाय निदान एका सलग शिवारातल्या सगळ्यांनी एकाच हंगामात, पहिली फुले येण्याआधी सुरू करायचा असतो, आणि फरदड ठेवणारा, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच कपाशी शेतात राखणारा, एक शेतकरीही त्यावर पाणी फिरवू शकतो.