आधी माप, मग सीट

"दुखतं नेमकं कुठे? मागे हाडांवर, की पुढच्या बाजूला?"

नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात, सायकलच्या दुकानात तिथल्या बाईंनी मला हे विचारलं, तेव्हा शेजारी दोन पुरुष गिऱ्हाईकं हेल्मेट बघत उभी होती. बाईंनी आवाज खाली केला नाही, इकडे तिकडे पाहिलं नाही. चप्पल कोणत्या नंबरची लागते, इतक्या सहज विचारलं. मी मात्र क्षणभर गप्प झाले. आठवीपासून मी सायकल चालवते. यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावाहून शाळेत, मग कॉलेजात, आणि आता इथे ऑफिसात. एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. मायनं नाही, मैत्रिणींनी नाही, सायकलवाल्यानं तर नाहीच.

म्हणून आज फक्त सायकलच्या सीटबद्दल लिहितेय, आणि सविस्तर लिहिणार आहे. गावाकडच्या बायांनी आणि पोरींच्या वडिलांनी हे शेवटपर्यंत वाचावं.

त्या बाईंनी मला एका बाकावर बसवलं. बाकावर दाबला की दबलेलाच राहणारा फोम होता. मी उठले तेव्हा त्यात दोन खळगे पडले होते. त्यांनी पट्टी लावून एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजलं: 132 मिलिमीटर. आपण ज्यांवर बसतो ती कटीच्या हाडाची खालची दोन टोकं म्हणजे हे खळगे. सायकलवर बसल्यावर वजन या दोन टोकांवर यायला हवं. सीट त्याहून अरुंद असली की हाडांना खाली आधारच मिळत नाही आणि सगळा भार मधल्या मऊ भागावर येतो. तिथे नसा आहेत, रक्तवाहिन्या आहेत. आधी मुंग्या येतात, मग बधिर होतं, मग आग होते, मग कातडी सोलते. ज्यांनी सोसलंय त्यांना यापुढे सांगायला नको.

बायकांची कटी पुरुषांपेक्षा सरासरीनं रुंद असते, त्यामुळे ही हाडंही एकमेकांपासून थोडी लांब असतात. पण ते सरासरीनं. जाड-बारीक असण्याशी त्याचा संबंध नाही. अंगानं भरलेल्या बाईची हाडं जवळजवळ असू शकतात आणि काडीसारख्या पोरीची लांब. म्हणून दुकानदारानं नुसतं 'लेडीज सीट' म्हणून हातात दिलं, तेवढ्यानं भागत नाही.

दुसरी गोष्ट बसण्याच्या पद्धतीची. शर्यतीच्या सायकलवर माणूस पुढे वाकतो, थोडा भार हातांवर जातो, तिथे सीट अरुंदच बरी. ताठ बसून चालवायच्या सायकलवर सगळा भार खाली. इथल्या बायांच्या उंच हँडलच्या सायकली तशा, आणि आपल्याकडच्या मागच्या चाकाला जाळी लावलेल्या लेडीज सायकलीही तशाच. म्हणजे इथलं ज्ञान आपल्याला जसंच्या तसं लागू पडतं. माझ्या मापाला त्यांनी 20 सेंटीमीटरच्या आसपास रुंद, आखूड टोकाचं आणि खाली स्प्रिंग असलेलं सीट दिलं. पंधरा दिवस वापरा, नाही जमलं तर बदलून न्या, असंही सांगितलं. नियम म्हणून. मला उपकार म्हणून नव्हे.

मऊपणाबद्दल जरा थांबून सांगते, कारण आपल्याकडे सगळा घोळ तिथेच होतो. सीट टोचतं म्हटलं की दुकानदार जाड गादीचं कव्हर चढवून देतो. दुकानात अंगठ्यानं दाबून पाहिलं की ते छान वाटतं. पहिला अर्धा किलोमीटरही छान जातो. मग हाडं फोममध्ये रुततात आणि मधला फोम वर येऊन नेमका नको तिथे दाबतो. त्यात ते कव्हर नाडीनं बांधलेलं, प्रत्येक वळणावर सरकतं. पावसाळ्यात पाणी पितं. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की काळं रेक्झिन असं तापतं की ओला रुमाल टाकल्याशिवाय बसवत नाही. बेताचं टणक पण मापाचं सीट मऊ पण बेमाप सीटपेक्षा कितीतरी बरं, हे मी आज खात्रीनं सांगू शकते. जांघा घासेपर्यंत रुंद सीटही नको.

शाळेत असताना आम्ही पोरी गिट्टीच्या रस्त्यावर पायडलवर उभ्या राहून सायकल हाणायचो. लोकांना वाटायचं, पोट्टीच्या अंगात लय जोर आहे. खरं कारण आमचं आम्हाला माहीत होतं. पाळीच्या दिवसांत त्या सीटवर बसणं नको व्हायचं, आणि पोरी सरळ शाळा बुडवायच्या. घरी सांगायचं 'डोकं दुखते'. मायला एकदा धीर करून बोलले तर ती म्हणाली, "सायकल चालवाची त बुड दुखनारच ना बाई." तिचा दोष नाही. तिनं स्वतः कधी सायकल चालवली नाही, तिला कोणी चालवूच दिली नाही.

हा प्रश्न तसा सायकलीइतकाच जुना आहे. बर्मिंगहॅममध्ये 1866 साली सुरू झालेल्या ब्रूक्स कंपनीच्या चामड्याच्या सीटांमध्ये नावात एस अक्षर असलेली सीटं बायांसाठी असत: रुंदी तशीच, पण पुढचं टोक आखूड, कारण बाया झगा घालून सायकल चालवत. अमेरिकेत जॉर्जिना टेरी या इंजिनिअर बाईंनी 1985 मध्ये बायकांच्या शरीराच्या मापानं सायकली बनवणारी कंपनी काढली. म्हणजे उत्तरं सापडलेली आहेत. झग्यासाठी जो विचार झाला तो साडीसाठी आणि पंजाबी ड्रेससाठी आपल्याकडे का होऊ नये, हे मला कळत नाही.

दिवाळीत गावी गेले तेव्हा पिशवीत दोन सीटं घेऊन गेले, एक वहिनीसाठी, एक पुतणीसाठी. वहिनी आशा आहे, म्हणजे गावातली आरोग्याची कार्यकर्ती. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा असते, आणि आमच्या वहिनीच्या वाट्याला गावाबरोबर पलीकडचा पोड, म्हणजे आदिवासी वस्तीही येते. गरोदर बायांच्या भेटी, बाळांच्या भेटी, लसीकरणाच्या दिवशी घरोघर निरोप, सगळं सायकलवर. पुतणी नववीत. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकल मिळते, त्यातली तिची सायकल आहे. सकाळी पोरींची रांग घंट्या वाजवत निघते ना, ते पाहून मला खरंच अभिमान वाटतो. आमच्या वेळी आठवीनंतर निम्म्या पोरी घरी बसायच्या.

तर ओट्याच्या पायरीवर पंख्याच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा टाकला आणि दोघींना आळीपाळीनं बसवलं. कडक जागेवर पुठ्ठा ठेवायचा, त्यावर पातळ कपड्यात बसायचं, पाय थोडे उचलून घ्यायचे की हाडांचा ठसा नीट उमटतो. मग बोट फिरवून खळग्याचा मध्य शोधायचा आणि पेननं खूण करायची. वहिनीचं माप आलं 137, पुतणीचं 108. आणि दोघींच्या सायकलींना सीट मात्र एकाच साच्यातलं!

इथे एक गोष्ट झाली जी मी धरून चालले नव्हते. पुतणीला रुंद सीटची गरजच नव्हती. तिच्या सायकलचं सीट तिच्या हाडांना पुरेसं होतं. पण त्याचं टोक वर उचललेलं होतं आणि सीट एवढं खाली बसवलेलं की गुडघे हँडलला लागायला आले होते. सीट फार खाली असलं की पाय भार घेत नाहीत, सगळं वजन बुडावर येतं. टोक वर असलं की ते पुढे रुततं. पोरीला बधिर व्हायचं ते यामुळे. गवंडीकाकांची लेव्हल पट्टी मागून आणली, सीट आडवं सपाट केलं. मग भिंतीला धरून तिला बसवलं: टाच पायडलवर, पायडल अगदी खाली, आणि पाय सरळ. तेवढी उंची ठेवली. खर्च शून्य. पहिल्या दिवशी "आत्या, पाय टेकत नाई" म्हणून कुरकुरली. आता खाली घ्यायला तयार नाही.

वहिनीचं काम राळेगावात मिस्त्रीकडे नेलं. मी नेलेल्या सीटची पकड सीटखालच्या 22 मिलिमीटरच्या दांडीसाठी होती आणि तिच्या सायकलच्या दांडीचं टोक जरा बारीक निघालं. इथे नेदरलँड्समध्ये असतं तर सुटा भाग मागवा, पुढच्या आठवड्याची वेळ घ्या, आणि मजुरी भरा, जी ऐकून गावचा माणूस नवं सीट घेईल. आमच्या मिस्त्रीनं तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, दांडीभोवती एक वेढा दिला, आणि पान्यानं आवळला. सीट हललं नाही. वहिनीनं बसून पाहिलं तेव्हा तिच्या साडीचा काठ मागच्या स्प्रिंगमध्ये अडकला. त्यानं न सांगता जुन्या ट्यूबचे दोन तुकडे कापून स्प्रिंगांवर मोज्यासारखे चढवले. वीस रुपये घेतले. ज्या देशात माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत आणि एकट्या उट्रेख्त स्टेशनखाली साडेबारा हजार सायकली ठेवायची सोय आहे, तिथे राहून मी सांगते: असा हात मी इथे पाहिला नाही. त्याला फक्त कोणी सांगितलं नव्हतं की सीटला माप असतं. एकदा सांगितलं, की त्यानं लगेच विचारलं, "त मंग बायकाईले विचाराचं कसं?" मी म्हटलं, पुठ्ठा ठेवा आणि सरळ विचारा.

दादा मात्र रागावला. तुझं सीट चार हजारांचं, कापसाला भाव नाही, आणि तू बुडाखाली चार हजार घालून राहिली. गावात आणखी एक-दोघांनी म्हटलं की परदेशात राहून पोरगी नाजूक झाली. यावर मला बोलायचंच आहे. इथले रस्ते डांबरी, सपाट, सायकलींसाठी वेगळे. इथल्या बाया साध्या सीटवरही तरून जातील. स्प्रिंगची खरी गरज आपल्या पांदण रस्त्याला आहे, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात वाळून कडक झालेल्या चाकोऱ्यांना आहे. दादानं ट्रॅक्टरच्या सीटला गेल्या वर्षी नवी गादी शिवून घेतली, तेव्हा त्याला कोणी नाजूक म्हटलं नाही, आणि म्हणूही नये. दिवसभर बसून काम करायचं तर बसायची जागा नीट हवी. वहिनीचंही तेच काम आहे. मी दूर राहते, मायच्या दुखण्याला वेळेवर पोचत नाही, वहिनीच पोचते. तिच्यासाठी 40 युरो खर्च केले, तर ते मला जास्त वाटत नाहीत.

शिवाय चार हजारांचंच सीट हवं असं अजिबात नाही. आपल्याकडे साध्या स्प्रिंगची रुंद सीटं कमी पैशात मिळतात, फक्त ती मोजून घ्यावी लागतात. मागच्या सर्वांत रुंद भागावर पट्टी ठेवा. ताठ बसून चालवणारीला हाडांच्या मापापेक्षा चांगलं पाच-सहा सेंटीमीटर जास्त हवं, म्हणजे दोन्हीकडे आधार उरतो. दुखणं मागे हाडांवर असेल तर रुंदी आणि टणकपणा तपासा. पुढे असेल तर आधी टोक आणि उंची तपासा, पैसे नंतर काढा. नव्या सीटवर सुरुवातीला हाडांना थोडं जाणवतं, ते काही दिवसांत बसतं. बधिरपणा मात्र चालवून घ्यायचा नाही.

वहिनीचा परवा फोन आला. "ताई, आता घरी आली का लगेच खाली बसता येते. आमच्या मीटिंगले बायका विचारून राहिल्या, पुठ्ठा घेऊन जाऊ काय?" मी म्हटलं, न्या, आणि सगळ्यांची मापं वहीत लिहून ठेवा. वीस-पंचवीस बायांची मापं झाली तर राळेगावच्या दुकानदाराला दाखवून सांगता येईल की एकाच साच्याची सीटं मागवू नका, दोन रुंदींची ठेवा, विकली जातील. मीटिंग पुढच्या आठवड्यात आहे. तुमच्या गावातही कोणी मोजून पाहिलं तर खाली लिहा: हाडांचं माप मध्यापासून मध्यापर्यंत, दांडीच्या टोकाची जाडी, आणि सायकल साडीवर चालवता की ड्रेसवर.