अंतरं सारखी नाहीत, मग पॅटर्न कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, नाहीतर या विषयावर बोलायचा कंटाळा आलाय. सॉलिडवर्क्स (कॉम्प्युटरवर थ्रीडी डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) शिकणारी पोरं विचारतात, मशीनवरचे विचारतात: खाचांमधलं अंतर सारखं नसेल तर पॅटर्नचा, म्हणजे एक खाच काढून बाकीच्या तिच्या नकला करण्याचा, अट्टहास कशाला? एकेक खाच सुटी काढायची!

काढा. उद्या खाचेची रुंदी बदलली की वीस ठिकाणी बदलत बसा. (पाच-सहा भोकं असली तर मीही सुटीच काढतो, खोटं कशाला बोलू.)

साकीनाक्याला नोकरीत असताना गिटारच्या फ्रेटबोर्डचं काम आलं होतं, म्हणजे मानेवरची पट्टी, जिच्या खाचांत फ्रेट (धातूचे पडदे) बसतात. शिसवी पट्टी, राउटरवर (लाकूड कोरायच्या मशीनवर) खाचा, तार नटपासून (मानेच्या टोकाची तारेची टेकण) ब्रिजपर्यंत (गिटारच्या अंगावरची टेकण) 650 मिलिमीटर. फ्रेटचं गणित असं: उरलेल्या तारेला 1.05946 ने भागायचं, की पुढच्या फ्रेटपासून ब्रिजपर्यंतची लांबी मिळते. म्हणजे पहिलं अंतर 36.48, दुसरं 34.43, तिसरं 32.50. मी टेबल ड्रिव्हन पॅटर्न लावला, म्हणजे प्रत्येक खाचेची जागा तक्त्यात भरायची. प्रत्येक खाच नटपासून मोजलेली, म्हणजे एका मापातली चूक पुढच्याला चिकटत नाही.

सीनियरना तो पसारा वाटला. म्हणाले, "36.48 मधून 34.43 गेले, 2.05 उरले. लिनिअर पॅटर्न लाव, दर वेळी तेवढं कमी कर. इन्स्टन्सेस टू व्हेरी कशाला दिलंय?" (नकलांमधलं अंतर दर वेळी ठरावीक मापाने बदलायची सोय.)

म्हटलं, "सर, पुढचा फरक 1.93 चा आहे."

"पॉइंट बाराने काय आभाळ कोसळणार आहे?"

पॅटर्न त्यांनीच बदलला. गंमत अशी की तिसऱ्या खाचेला जेमतेम 0.13 चा फरक पडतो, डोळ्याला दिसतही नाही. मग तो वाढत जातो. गिऱ्हाईक स्वतः वाजवणारा. त्याने पट्टी हातात घेतली आणि थेट बाराव्या खाचेला टेप लावला. ती तारेच्या बरोबर मध्यावर हवी, 325 वर. होती तीनशेच्या आसपास: 302 आणि वर थोडं. सतारीचा पडदा दोरा सैल करून सरकवता येतो. इथे कापलं की संपलं. फाइलवर नाव माझं. लाकडाचे पैसे माझ्या पगारातून गेले आणि सर शेजारीच उभे होते, एक शब्द बोलले नाहीत.

तेव्हापासून मी छातीठोकपणे सांगायचो: असमान अंतर म्हटलं की टेबल, दुसरं काही नाही. ते आता तितकंसं सांगवत नाही. पट्टीवरची भोकं आतल्या रिब (आधाराच्या पट्ट्या) चुकवून मारायची असतील तर त्यात गणित नसतंच. तिथे स्केचमध्ये पॉइंट टाकून स्केच ड्रिव्हन लावलेलं बरं, रिब हलली की पॉइंट हलतात. आणि अंतर खरोखरच ठरावीक मापाने वाढत असेल तर सरांची युक्ती अगदी योग्य आहे. ती फ्रेटला लावली, एवढंच.

पण त्यांचा एक टोमणा अजून खोडता येत नाही. "तार 628 केली तर तुझं टेबल आपोआप बदलेल का?" नाही बदलत. आकडे राहतात, ते कुठून आले हे फाइल विसरते. प्रत्येक माप आधीच्या मापावरून इक्वेशनने काढलं तर बदलेल, पण ती वीस इक्वेशनं पुढे दुसऱ्या कुणी उघडली की तो मलाच फोन करतो.

सध्या टेबलच वापरतो आणि फाइलच्या नावात तारेची लांबी घालतो. याला जुगाड म्हणत असाल तर म्हणा.