आमची वाटचाल : क्लिप सापडली पाहिजे

पुण्याच्या नारायण पेठेत मामांचा स्टुडिओ होता तेव्हा फोटो आणि व्हिडिओ ही दोन वेगळी खाती होती. फोटोवाला वेगळा, शूटिंगवाला वेगळा, आणि लग्नाच्या हॉलमध्ये दोघांचं एकमेकांशी फारसं बरं नसे, कारण एकाच्या फ्रेममध्ये दुसऱ्याची पाठ यायची. निगेटिव्ह पाकिटांत असत, पाकिटावर तारीख आणि आडनाव. शूटिंगच्या मिनी डीव्ही कॅसेट बुटांच्या खोक्यांत, कडेला मार्करने 'लग्न १', 'लग्न २' लिहिलेलं. तासाची कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायला तासच लागायचा, त्यामुळे ती घेणारा मुलगा सगळी कॅसेट बघायचा आणि कुठे काय आहे ते त्याच्या डोक्यात राहायचं. आमचा कॅटलॉग म्हणजे तो मुलगा. तो दिवाळीला गावी गेला की शोधकाम बंद.

२००८ मध्ये निकॉनचा डी९० आणि कॅननचा ५डी मार्क २ आला आणि ज्या कॅमेऱ्याने फोटो काढायचा त्यानेच व्हिडिओ घेता यायला लागला. मामांना हे फारसं पटलं नव्हतं. पण दोन वर्षांत पुण्यातल्या लग्नांना हेच कॅमेरे दिसायला लागले आणि त्याच सुमारास मामांनी स्टुडिओ माझ्या आणि धाकट्या भावाच्या हाती दिला. भाऊ कॅमेरा घेऊन बाहेर, मी आत कॉम्प्युटरवर, अशी वाटणी आपोआप झाली. ती अजून तशीच आहे.

आतल्या माणसाला जे दिसतं ते बाहेरच्याला दिसत नाही. एका लग्नाहून चार कार्डं येत. कार्ड उघडलं की फोटो डीसीआयएम फोल्डरमध्ये. पण सोनीच्या कॅमेऱ्याच्या कार्डावर व्हिडिओ तिथे नसतात. ते असतात प्रायव्हेट, त्याच्या आत एम४रूट, त्याच्या आत क्लिप या फोल्डरमध्ये, सी०००१, सी०००२ अशा नावांनी. कार्ड फॉरमॅट केलं की क्रम बहुतेक वेळा पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे महिन्याभरात स्टुडिओत कितीतरी सी०००१ जमतात. गोप्रो या छोट्या कॅमेऱ्याचं आणखी निराळं. लांब रेकॉर्डिंग तो तुकड्यांत कापतो, आणि जीएक्स०१००४५ च्या पुढचा तुकडा जीएक्स०१००४६ नसून जीएक्स०२००४५ असतो. नावाने लावायला गेलात की वरात आधी आणि अंतरपाट नंतर.

पहिली काही वर्षं आम्हीही इतरांसारखंच केलं : लग्नाच्या नावाचं फोल्डर, त्यात 'फोटो' आणि 'व्हिडिओ' अशी दोन पोटफोल्डरं. वरवर बघितलं तर नीटनेटकं दिसतं. पण लोक काय मागतात ते ऐका. कोणी म्हणत नाही, 'मला व्हिडिओ फोल्डरमधलं काहीतरी द्या.' म्हणतात, 'कानपिळीच्या वेळी भावाने नवऱ्याचा कान असा काही पिळला, ते हवंय.' त्या क्षणाचे फोटो एका कॅमेऱ्यात, क्लिप दुसऱ्यात, आणि सगळ्यात मजेशीर तुकडा कुठल्यातरी चुलतभावाच्या मोबाईलमध्ये. मागणी क्षणाची असते आणि आमची मांडणी कॅमेऱ्याची होती.

फोटो लावायला आम्ही लाइटरूम हा ॲडोबीचा प्रोग्रॅम वापरायचो. २०१० च्या लाइटरूम ३ मध्ये पहिल्यांदा व्हिडिओ फाइल फोटोंच्या शेजारी आत घेता आल्या. क्लिप आतल्या आत चालवून बघणं आणि पुढचं-मागचं कापणं २०१२ च्या चौथ्या आवृत्तीत आलं. ग्रिडमध्ये फोटो, फोटो, क्लिप, फोटो असं एका ओळीत वेळेनुसार लागलेलं बघितलं आणि वाटलं, झालं, प्रश्न सुटला. मग लक्षात आलं की वेळेनुसार लागतच नाहीये.

हा भाग जरा सविस्तर सांगते, कारण आमच्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगावा लागतो. फोटोच्या आत जी वेळ असते ती कॅमेऱ्याच्या घड्याळातली, जशीच्या तशी. एमपी४ आणि एमओव्ही या व्हिडिओ फाइलच्या आतली वेळ नियमाप्रमाणे जागतिक वेळेत, म्हणजे यूटीसीत, लिहायची असते. ती १ जानेवारी १९०४ पासूनच्या सेकंदांत मोजली जाते, हा ॲपलच्या क्विकटाइम या जुन्या व्हिडिओ पद्धतीचा वारसा. आता गंमत अशी की काही कॅमेरे नियम पाळतात, काही तिथे सरळ स्थानिक वेळ लिहून मोकळे होतात, आणि वाचणारे प्रोग्रॅमही कधी साडेपाच तास मिळवतात, कधी नाही. परिणाम काय? मंगलाष्टकांचे फोटो दुपारी १२:२० चे, एका कॅमेऱ्यातली क्लिप सकाळी ६:५० ची आणि तिसऱ्यातली संध्याकाळी ५:५० ची. सकाळी ६:५० ला नवरदेव अजून अंघोळीला गेलेला नसतो! लंडनमधल्या छायाचित्रकाराला हा घोळ निदान हिवाळ्यात तरी कळतही नसेल.

त्यावर उपाय दोन. पहिला फुकटचा : शूट सुरू होण्याआधी प्रत्येक कॅमेऱ्याने एकाच मोबाईलच्या घड्याळाचा एक फोटो आणि दोन सेकंदांची क्लिप घ्यायची. भावाच्या टीममध्ये याला 'घड्याळ दाखवणं' म्हणतात आणि ते केल्याशिवाय कोणी पाणीसुद्धा पीत नाही. दुसराही फुकटचाच : फिल हार्वी या गृहस्थांनी लिहिलेला एक्झिफटूल हा प्रोग्रॅम. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप कराव्या लागतात, दिसायला काहीच नाही, पण एका कार्डावरच्या सगळ्या क्लिपच्या वेळा एका ओळीत पुढे-मागे सरकवता येतात. आमच्याकडे कार्ड उतरलं की आधी वेळा जुळवायच्या, मग टॅग, म्हणजे विधीचं, माणसाचं नाव, ज्यावरून पुढे शोधता येतं. उलट क्रम चालत नाही. वेळा जुळल्या की निम्मं काम झालेलंच असतं, कारण सप्तपदीचे फोटो आणि सप्तपदीच्या क्लिप शेजारी येऊन बसतात आणि दोन्हींना एकदमच टॅग लावता येतो.

फोटोला टॅग लावणं आणि क्लिपला लावणं यात मात्र फरक आहे. फोटोत एक क्षण. क्लिपमध्ये सुरुवातीला आजी, मध्ये बँडवाले, शेवटी कोणाची तरी चप्पल. तीन सेकंदांच्या क्लिपला पाच टॅग लावले तरी चालतात. स्टेजसमोर तिपाईवर उभ्या असलेल्या कॅमेऱ्याच्या तासाभराच्या क्लिपला पंचवीस टॅग लावले तर शोधात ती प्रत्येक वेळी पुढे येते आणि उपयोग शून्य. म्हणून छोट्या क्लिपला टॅग, आणि लांब क्लिपच्या वर्णनात मिनिटं लिहून नोंद : '१४:१० अंतरपाट धरला', '३१:०० कन्यादान'. शिवाय प्रत्येक क्लिपचं मुखचित्र बदलायचं. पहिली फ्रेम बहुतेक वेळा जमिनीची असते, आणि ग्रिडमध्ये सगळीकडे सतरंजी बघून काय कळणार?

२०१४ च्या गणपतीनंतर एका ढोल-ताशा पथकाने आम्हाला त्यांचा सगळा डेटा लावून द्यायला सांगितलं. शूट आमचं नव्हतंच, पथकातल्याच पोरांनी मोबाईलवर आणि दोन-तीन कॅमेऱ्यांवर घेतलेलं. त्यांना हवं होतं, 'बेलबाग चौकातलं स्थिर वादन, सगळ्या वर्षांचं, एकत्र.' तिथून हा धंदा निराळ्या वाटेने सुरू झाला. मिरवणूक मंडईतून निघून लक्ष्मी रस्त्याने अलका चौकापर्यंत जाते, त्यामुळे टॅगची पहिली पातळी चौकांची ठेवली. दुसरी पातळी कोण काय करतंय याची : ढोल, ताशा, टोल, ध्वज. तिसरी वर्षाची. विसर्जन मिरवणूक चोवीस तासांच्या पुढे जाते, त्यामुळे निव्वळ तारखेवर विसंबलं तर एकच मिरवणूक दोन दिवसांत फुटते. म्हणून वर्षाचा टॅग वेगळा. दुसऱ्याच वर्षी ओळखीच्या ओळखीतून मंडळं आली, मग एक शाळा, एक गाण्याचा क्लास, एक नाट्यसंस्था. आज आमचं निम्म्याहून जास्त उत्पन्न दुसऱ्यांनी काढलेले फोटो आणि क्लिप लावून देण्यातून येतं. मामा म्हणतात, 'कॅमेरा न उचलता स्टुडिओ चालवणारी तू पहिलीच.'

याच टप्प्यावर एक तांत्रिक निर्णय घेतला, त्यावर आमचं सगळं काम उभं आहे. लाइटरूम क्लासिक फोटोचे कीवर्ड, म्हणजे टॅगच, फोटोबरोबर लिहून ठेवू शकतं. व्हिडिओचे कीवर्ड मात्र त्याच्या स्वतःच्या यादीत, कॅटलॉगमध्येच राहतात. स्वतःपुरतं काम असेल तर हरकत नाही. पण आम्ही हार्ड डिस्क ग्राहकाच्या हातात देतो. फोटोंबरोबर नावं जाणार आणि क्लिप मुक्या जाणार, हे चालणार नव्हतं. म्हणून टॅगिंगचं काम डिजिकॅम या प्रोग्रॅमवर नेलं. तो मोफत आहे, फोटो आणि व्हिडिओ एकत्र दाखवतो आणि टॅग शेजारच्या छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहितो. एक्सएमपी ही फाइलची माहिती लिहून ठेवायची २००१ मध्ये ॲडोबीने आणलेली पद्धत, २०१२ मध्ये आयएसओचं आंतरराष्ट्रीय मानक झाली. तो नुसता मजकूर असतो, नोटपॅडमध्येही उघडतो. उद्या आम्ही दुकान बंद केलं, डिजिकॅम बंद पडला, तरी कोणालाही वाचता येईल.

व्हिडिओ फाइलच्या आतच टॅग लिहायची सोय काही प्रोग्रॅम देतात. आम्ही ती मुद्दाम वापरत नाही. १०० एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटचा, फोर-के व्हिडिओ तासाला ४५ जीबी होतो. 'कन्यादान' एवढा शब्द घालायला ४५ जीबीच्या फाइलला हात कशाला लावायचा? मूळ फाइल जशी कार्डावरून आली तशीच राहते, तिचा चेकसम, म्हणजे फाइलवरून काढलेला आणि ती जरा जरी बदलली तरी बदलणारा आकडा, पहिल्या दिवशी काढून ठेवतो आणि पाच वर्षांनीही तो तोच यायला हवा. एक बारकावा राहिला : आयफोनच्या लाइव्ह फोटोत फोटो आणि छोटा व्हिडिओ एकाच नावाचे असतात. एक्सएमपीला नुसतं मूळ नाव दिलं तर दोघांत एकच फाइल येते आणि भांडण लागतं. डिजिकॅम मूळ नावात जेपीजी किंवा एमओव्ही हा शेपटासुद्धा ठेवतो, त्यामुळे दोघांची चूल वेगळी राहते.

आता माणसांबद्दल. टॅग लावायला सुरुवातीला कॉलेजची मुलं ठेवली. हाताने झपाझप, पण सीमांतपूजन कुठलं आणि गौरीहर कुठला हे त्यांना सांगता येईना. मग आमची मावशी, शाळेतून निवृत्त झालेली, दुपारी वेळ जात नाही म्हणून येऊन बसायला लागली. ती क्लिप न थांबवता सांगते : 'ही झाल आहे, हे गृहप्रवेशाच्या आधीचं, मागे उभा आहे तो मुलीचा मामा.' टॅगची यादी तिनेच बांधली. विधींना एकच ठरलेलं नाव, आणि लोक रोमन लिपीत शोधतात म्हणून प्रत्येकाला त्या लिपीतलं पर्यायी नाव. माणसांना नावाबरोबर नातंही. चेहरे ओळखण्याची सोय आम्ही वापरतो त्या प्रोग्रॅममध्ये फोटोंपुरतीच चालते, म्हणून फोटोत एकदा चेहरा पक्का झाला की वेळ बघून शेजारच्या क्लिपना हाताने नाव द्यायचं. आपोआप टॅग लावणाऱ्या सेवाही बघून झाल्या. त्या 'माणूस, फूल, गर्दी' असं सांगतात. ते तर आम्हालाही दिसतं.

२०२० मध्ये लग्नं थांबली आणि मानाच्या गणपतींचं विसर्जनही मिरवणुकीशिवाय मांडवातच झालं. शूट एकही नाही. त्या काळात कपाटातल्या मिनी डीव्ही कॅसेट आणि मामांची पाकिटं बाहेर काढली. जुने प्लेअर तापकीर गल्लीतून दुरुस्त करून घेतले होते, त्यांचा उपयोग झाला. आणि त्याच वर्षी फोन यायला लागले ते निराळेच होते. 'बाबांचा फोटो आहे आमच्याकडे. बोलतानाचं काही आहे का तुमच्याकडे?' फोटोतून नाव, नावावरून त्या दिवशीच्या क्लिप, आणि क्लिपमध्ये पाठमोरे का होईना, पण बोलणारे बाबा. 'जेवून जा हं' एवढंच एखाद्या क्लिपमध्ये असायचं. अशा कामाचे पैसे आम्ही तेव्हा घेतले नाहीत, आजही घेत नाही.

एरवी घेतो, आणि जीबीवर घेत नाही. ग्राहक पहिल्यांदा हेच विचारतात, 'एका टीबीला किती?' तिपाईवरच्या कॅमेऱ्याची ४५ जीबीची क्लिप दहा ओळींत उरकते. नातेवाइकांच्या मोबाईलमधल्या दोन जीबीच्या क्लिप दिवस खातात. म्हणून दर कार्यक्रमाच्या दिवसावर.

बॅकअपबद्दल पेठेतल्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. नारायण पेठेतल्या कितीतरी घरांत जुने फोटो विचारले की एकच उत्तर मिळतं, 'ते पानशेतात गेले.' १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. मामा तेव्हा लहान होते, पण डिस्क खालच्या कपाटात ठेवू देत नाहीत ते अजून. आमच्या प्रत्येक कामाच्या तीन प्रती : एक स्टुडिओत वरच्या मजल्यावर, एक सहकारनगरला भावाच्या घरी, एक ग्राहकाकडे. पावसाळ्यात खडकवासला धरणातून विसर्ग वाढला आणि नदीवरचा भिडे पूल पाण्याखाली गेला की मामांचा फोन ठरलेला : 'सहकारनगरची डिस्क तपासलीस का?'

सध्या डोकेदुखी एकच आहे, व्हॉट्सॲपची. घरच्यांनी ग्रुपवर टाकलेली क्लिप आमच्यापर्यंत पोचते तेव्हा तिची मूळ वेळ गेलेली असते, चित्र दाबलेलं असतं आणि नावात असलेली तारीख शूटिंगची असेलच असं नसतं. अशा क्लिप मावशी कपड्यांवरून लावते : हळदीची पिवळी साडी, सीमांतपूजनाची जांभळी, लग्नाची अष्टपुत्री. बरोबर लावते, पण वेळ जातो. म्हणून काम ठरलं की आम्ही घरातल्या एका तरुण मुलाला किंवा मुलीला हाताशी धरतो आणि सांगतो, सगळ्यांकडून क्लिप गोळा कर, पण ग्रुपवर व्हिडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांग, नाहीतर केबल लावून फोनमधून थेट काढून घे. आणि कार्याच्या दुसऱ्या दिवशीच. आठवडा गेला की अर्ध्यांनी जागा रिकामी करायला क्लिप पुसलेल्या असतात.