लॅम्डा मला परवा कळला

लॅग्रेंज मल्टिप्लायर (अट पाळून कमीत कमी किंवा जास्तीत जास्त काढायच्या गणितात अटीला गुणतात तो आकडा, त्यालाच लॅम्डा म्हणतात) डिग्रीला असताना दोनदा शिकवला, दोन्ही वेळा पाठ करून पेपरात लिहून आले, मार्कही पडले, पण तो लॅम्डा म्हणजे नेमकं काय हे काही कळलं नव्हतं. आता एमटेकला पॉवर सिस्टीम घेतलीय तर ऑप्टिमायझेशन पक्कं हवंच, म्हणून मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात कूलरसमोर वही घेऊन बसले आणि सगळं हातानं सोडवलं.

वीज बनवणारी दोन युनिट (जनरेटर), मिळून ७०० मेगावॅट द्यायचेत, तेही कमीत कमी खर्चात. पुढचा एक मेगावॅट काढायला पहिल्यावर तासाला २००० अधिक ४ गुणिले पी-वन रुपये लागतात, दुसऱ्यावर २४०० अधिक २ गुणिले पी-टू (पी-वन, पी-टू म्हणजे त्या त्या युनिटवरचे मेगावॅट; आकडे माझेच, सोपे घेतलेत). निम्मं-निम्मं वाटलं तर पहिल्यावर पुढचा मेगावॅट ३४०० ला पडतो आणि दुसऱ्यावर ३१०० ला, मग पहिल्याचं काढून दुसऱ्यावर टाकत जायचं, दोन्ही आकडे सारखे होईपर्यंत. ३०० आणि ४०० वर दोन्हीकडे ३२०० आले. तोच लॅम्डा! वीज तेवढीच आणि तासाला ७५०० रुपये वाचले. मग डिमांड ७०१ करून बघितली, खर्च वाढला ३२०० रुपये ६७ पैसे, म्हणजे लॅम्डा ही पुढच्या एका मेगावॅटची किंमत आहे हे माझ्याच वहीत दिसलं, तेव्हा इतका आनंद झाला की लगेच पप्पांना दाखवलं.

पप्पा यंत्रमागावर तीस वर्षं काम करतात. वही बघून म्हणाले, "अगं, जुना माग आणि नवा माग एकाच स्पीडनं पळवत नाहीत. जुन्याचा स्पीड वाढवला की धागा तुटायला लागतो, मग जास्तीचा टॉवेल त्याच्यावर महाग पडतो, तो नव्यावर काढायचा." एवढं सरळ मला कुठल्याच लेक्चरला कळलं नव्हतं.

दुसऱ्या युनिटला ३८० ची मर्यादा घातली की मजा येते. पहिला ३२० वर जातो, तिथं ३२८०, दुसऱ्यावर ३१६०. फरक १२० रुपये, म्हणजे ती मर्यादा एक मेगावॅटनं सैल झाली तर तासाला साधारण तेवढे वाचतील. केकेटी (करुश-कुन-टकर) कंडिशन, म्हणजे अशा मर्यादा असताना सर्वोत्तम उत्तरानं पाळायच्या अटी, त्यातला म्यू तो हाच. त्यातल्या करुशनं हे १९३९ च्या आपल्या मास्टर्सच्या थिसिसमध्ये लिहून ठेवलं होतं, कुन आणि टकरचा पेपर १९५१ चा. आणि मोठ्या गणितांना लागणाऱ्या इंटिरियर पॉइंट (मर्यादांच्या आतून उत्तराकडे सरकत जाणाऱ्या) पद्धतींना १९८४ मध्ये जोर आला तो नरेंद्र करमरकरांमुळे, जे आयआयटी मुंबईचे इलेक्ट्रिकलचे! हे वाचून लई भारी वाटलं.

पुढचा टप्पा ऑप्टिमल पॉवर फ्लो, म्हणजे लाइनींसकट सगळ्या ग्रिडचं हेच गणित, तिथं लाइनलाही मर्यादा असते आणि लाइन भरली की वेगवेगळ्या बसचा (बस म्हणजे ग्रिडमध्ये लाइनी, जनरेटर जिथं जोडतात तो बिंदू) लॅम्डा वेगळा होतो. हे आमच्या गावाशी जोडलेलं आहे, ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाइननं दक्षिणेचं ग्रिड बाकी देशाशी सिंक्रोनस (एकाच फ्रिक्वेन्सीवर, एका तालात) जोडलं गेलं, त्याआधी जोड होती ती फक्त एचव्हीडीसीची (हाय व्होल्टेज डीसी).

सध्या तीन बसचं गणित घेतलंय, एक लाइन मुद्दाम १०० मेगावॅटला अडवलीय. दोन बसचे लॅम्डा पायथनमधल्या प्रोग्रामच्या उत्तराशी जुळतात, तिसऱ्याचा जुळत नाही, बहुतेक कुठंतरी मायनस सुटलाय, आज रात्री परत पहिल्या ओळीपासून बघते.