नोंद ७ : वरच्या टोकाची थरथर गेली

मंडळी, हॉवरबोर्डच्या (दोन चाकांच्या विजेरी फळीच्या) मोटरपासून मी घरी व्यायामाचं यंत्र करतेय; तबकड्यांऐवजी मोटरच ड्रमवर गुंडाळलेल्या दोरातून दांड्याला भार देते. त्याची थरथर गेली. काल रात्री बाबांनी सोप्यावर बसून ‘वर २० किलो, खाली २६’ अशा बारा रेप्स (आवर्तनं) सलग काढल्या आणि वरच्या टोकाला दांडा एकदाही फडफडला नाही. बारावी झाल्यावर ते म्हणाले, “बाय, आज हा विहिरीच्या रहाटासारखा चालला.” बाबांनी आयुष्यभर खाणीवरचे ट्रक चालवले. यंत्र कुठे अडतंय हे त्यांना हाताला कळतं. माझ्या सगळ्या आलेखांपेक्षा मला त्या एका वाक्याचा आनंद जास्त झाला.

जूनपासून या एकाच दोषामागे आहे. मागच्या नोंदीनंतर ज्यांनी ‘फिल्टर लाव’ (वेगाचं मोजमाप गुळगुळीत कर), ‘गेन उतरव’ (मोटरचा प्रतिसाद सौम्य कर) असं सुचवलं, त्यांचं सगळं करून पाहिलं. त्यातलं काय चाललं नाही ते नीट लिहिते, कारण उत्तराची वाट तिथूनच गेली.

उतरताना जास्त भार का, हे इथे सांगायला नको. लांबत जाणारा स्नायू आकसणाऱ्यापेक्षा जास्त ओझं पेलतो, आणि लोखंडी तबकडीला ते देता येत नाही; ती वर जाताना २० तर खाली येतानाही २०. मोटरला देता येतं, म्हणून तर हा खटाटोप. माझा नियम साधा होता : वेग वरच्या दिशेला असेल तर २०, खालच्या दिशेला असेल तर २६. पण वर पोचून हात थांबतो तेव्हा वेग नेमका शून्य कधीच नसतो. तो शून्याच्या अल्याड-पल्याड नाचतो, आणि त्याच्यामागे भारही नाचतो. सेकंदाला १५ हेलकावे. दोर झणझणायचा, आणि चिऱ्याच्या भिंतीतून तो आवाज स्वयंपाकघरात ऐकू यायचा.

पहिला संशय हॉल सेन्सरवर, म्हणजे मोटर किती फिरली हे तिच्या चुंबकांवरून सांगणाऱ्या सेन्सरवर. हॉवरबोर्डच्या या मोटरला चुंबकी ध्रुवांच्या १५ जोड्या, म्हणजे एका फेऱ्यात हॉलच्या फक्त ९० पायऱ्या. माझा ड्रम ८ सेंटीमीटर व्यासाचा, तेव्हा एक पायरी २.८ मिलिमीटरची. सेकंदाला १० सेंटीमीटर अशा सावकाश ओढीत दोन पायऱ्यांमध्ये २८ मिलिसेकंद जातात, आणि तेवढा वेळ मोटर हाकणारा कंट्रोलर आंधळा. म्हणून १४ बिटांचा एएस५०४७पी एन्कोडर, म्हणजे फिरण्याचा कोन बारीक मोजणारी चिप, मागवला. फेऱ्याला १६,३८४ भाग, म्हणजे दोराचा मिलिमीटरचा साठावा हिस्साही दिसतो.

इथे नऊ दिवस वाया गेले. या चिपला व्यासाच्या दिशेने चुंबकित केलेली चकती लागते. एका अर्ध्या वर्तुळात उत्तर ध्रुव, दुसऱ्या अर्ध्यात दक्षिण. विक्रेत्याने वरच्या तोंडाला उत्तर आणि खालच्या तोंडाला दक्षिण असलेली साधी चकती पाठवली. दिसायला दोन्ही सारख्या. मी ती मोटरच्या फिरत्या झाकणाच्या मध्यावर चिकटवली, रीडिंग वेडंवाकडं आलं, आणि दोष वायरिंगमध्ये शोधत बसले. घेणाऱ्यांनी एक करा : चकती आडवी ठेवून तिच्या कडेजवळून होकायंत्र फिरवा. अर्ध्या फेऱ्यात चकतीकडे वळणारं सुईचं टोक बदललं तर चकती बरोबर. विक्रेत्याने पैसे परत दिले, दिवस कुठून देणार? एन्कोडरसाठी चुंबक वेगळा, नीट वर्णन वाचूनच घ्यावा. चिपसोबत फुकट येणाऱ्यावर माझा आता विश्वास नाही. बैठकही लोखंडाची नको. दादाने, म्हणजे माझ्या आतेभावाने, ती नायलॉनच्या कांडीतून लेथवर काढून दिली.

एन्कोडर बसला आणि थरथर आणखी बारीक, आणखी जलद झाली. गेली मात्र नाही. त्या रात्री मी खरोखर खचले होते.

मग वेगावर फिल्टर लावला. थरथर थांबली, पण दिशा बदलल्याचं कंट्रोलरला उशिरा कळू लागलं. हात चांगला दहा सेंटीमीटर खाली आल्यावर एकदम सहा किलोंचा हिसका. कोपराला असा हिसका मी कुणालाच देणार नाही, म्हणून फिल्टर त्याच दिवशी काढला. नंतर उंबरठा ठेवला, की सेकंदाला ५ सेंटीमीटरपेक्षा वेगाने खाली आलात तरच जादा भार. बाबा उतरवतात सेकंदाला चार सेंटीमीटरने. त्यांना जादा भार मिळायचाच नाही, आणि ज्याच्यासाठी हा सगळा प्रकार तो हळू उतरवणाराच असतो. तिसरा उपाय म्हणजे ३०० मिलिसेकंदांत भार चढवणं. त्याने खडखडाटाची फक्त घरघर झाली.

उत्तर मिळालं ते डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत, दादाच्या लेथजवळ. ड्रमची कड थोडी उंच करून घ्यायला गेले होते. दादा क्रॉस स्लाइड (टूल पुढेमागे नेणारा भाग) मागे घेत होता आणि मला दिसलं, की हँडल उलटं फिरवल्यावर आधी थोडं रिकामं फिरतं, मग टूल हलतं. मी विचारलं तर म्हणाला, “प्ले आहे गो. जुनं मशीन. हात थोडा मागेपुढे झाला तरी टूल जागचं हलत नाही.” तो ही लेथची खोड म्हणून सांगत होता. मला नेमकी तीच हवी होती! ड्रम तिथेच टाकून कागद मागून घेतला.

आता कोडमध्ये वेग कुठेच नाही. १५ मिलिमीटरची खाच असलेला एक ठोकळा कल्पा आणि दोराची जागा म्हणजे त्या खाचेतली खुंटी. खुंटी खाचेतल्या खाचेत हलली तर ठोकळा स्थिर. कडेला टेकून ढकलू लागली तरच तो सरकतो. ठोकळा ७५ मिलिमीटर खाली सरकेपर्यंत भार २० वरून २६ वर गुळगुळीत वक्राने चढतो, आणि तेवढाच वर सरकला की परत उतरतो. बस, अकरा ओळी. सावकाश उतरवा की झपकन, जादा भार त्याच जागी हाताला लागतो.

हे कशामुळे चालतं, तेही कळलं पाहिजे म्हणून वहीत मांडलं. जुन्या नियमात हात खाली झुकला की भार वाढून त्याला आणखी खाली ढकलायचा, वर सरकला की भार हलका होऊन त्याला वर सोडायचा. म्हणजे उलटं घर्षण. साधं घर्षण हालचालीतली ऊर्जा खातं, हे तिच्यात भर घालत होतं. सहा किलोंचा फरक म्हणजे ५९ न्यूटन. ६० सेंटीमीटरच्या पूर्ण रेपमध्ये यंत्र हाताला साधारण ३५ जूल जास्त देतं, आणि ते हवंच आहे. पण तीन मिलिमीटरच्या कंपातही ते दर खेपेला ०.१८ जूल घालत होतं, सेकंदाला १५ वेळा. अडीच वॅटच्या वर. एवढ्यावर दोर खुशाल थरथरत राहतो. एन्कोडर कितीही बारीक घेतला असता तरी हे थांबलं नसतं, कारण दोष मोजण्यात नव्हताच, नियमात होता. आता खाचेतल्या हालचालीला भार बदलतच नाही, त्यामुळे कंपाला पोसणारं काही उरलं नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. खाच मोटरच्या बाजूला मोजली जाते, आणि हात दोराच्या दुसऱ्या टोकाला असतो. माझा पहिला दोर चार मिलिमीटरचा नायलॉनचा. अडीच मीटर लांबीत २० किलोंना चार सेंटीमीटर ताणायचा. म्हणजे सहा किलोंच्या फरकानेच सव्वा सेंटीमीटर, जवळजवळ पूर्ण खाच. तो काढून एचएमपीईचा (फारच कमी ताणणाऱ्या प्लास्टिक धाग्याचा) दोर घातला, त्याचा ताण मिलिमीटरच्या घरात आहे. हा दोर गुळगुळीत, गाठ सरकते. सुदैवाने जुलै होता, मासेमारी बंदी चालू, आणि मालीम जेटीवर जाळी दुरुस्त करणारी माणसं निवांत भेटली. त्यांतल्या एका काकांनी टोक त्याच दोराच्या पोटात ओवून असा फास करून दिला, की भार पडला की तो स्वतःच आवळतो. दहा मिनिटांचं काम. पैसे घेतले नाहीत. यंत्र कशासाठी, एवढं मात्र बारकाईने विचारून घेतलं. अजून ते टोक तसूभर सरकलेलं नाही.

आता सप्लायचं. काहींनी विचारलं होतं, की ओढताना मोटर जनित्र होते, तर माझा ३६ व्होल्टचा सप्लाय पहिल्या दिवसापासून का ट्रिप झाला नाही? मोजून पाहिलं. २० किलोंना साधारण १५ अँपिअर लागतात, फेजचा (मोटरच्या तीन गुंडाळ्यांपैकी एकीचा) रोध ०.१८ ओम, तर तिन्हींच्या तांब्यात मिळून सुमारे ६१ वॅट जळतात. १९६ न्यूटनांविरुद्ध सेकंदाला ३१ सेंटीमीटरने ओढलं की माणूस तेवढेच वॅट देतो. त्याहून हळू ओढलं तर सप्लायमधून वीज जाते, जलद ओढलं तर परत येते. बाबा हळू ओढतात म्हणून काही कळलं नव्हतं. भाच्याने झटका मारला तेव्हा व्होल्टेज चढलं आणि कंट्रोलरने हात टेकले, भार क्षणात शून्य. तो मागच्या उशीवर पडला, लागलं नाही. त्याच संध्याकाळी ब्रेक रेझिस्टर, म्हणजे परत येणारी जादा वीज उष्णतेत जिरवणारा रोध, बसवला. तो बसवल्याशिवाय कुणाला यंत्रावर बसवू नका.

भार एकाएकी शून्य होण्याचं दुसरं कारण म्हणजे वीज जाणं, आणि पावसात आमच्याकडे ती जातेच. त्यासाठी मोटरचे तिन्ही फेज आपसात जोडणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) घालतेय, वीज असेपर्यंत फेज सुटे, गेली की जोडलेले. मग दोर मोकळा न सुटता चिखलातून ओढल्यासारखा जड राहील. संपर्क किती अँपिअरचे घ्यायचे यावर अडकलेय. कुणी केलं असेल तर सांगा.

यानंतर आयसोकायनेटिक मोड करायचा ठरवलं होतं, ज्यात वेग ठरलेला आणि बळ तुमचं. हिस्लॉप आणि पेरिन यांनी १९६७ साली मांडलेली ती कल्पना आपल्या मोटरवर चालवायची माझी फार इच्छा. पण हे लिहितानाच सुचलं, की ठोकळा मध्येच थांबला तर त्याचा अर्थ मला आधीच माहीत आहे. वर जाता जाता तो अर्ध्यावर दीड सेकंद हलला नाही, म्हणजे माणूस अडकला. तिथे भार हळूहळू उतरवायचा, ठोकळा पुन्हा सरकेपर्यंत, आणि पुढच्या रेपला परत पूर्ण. शेजारी उभं राहून दांड्याला दोन बोटं लावणाऱ्या माणसाचं हे काम. बाबा एकटे असताना बसतात, त्यांना याची गरज जास्त आहे. तेव्हा आयसोकायनेटिक मागे, हे आधी.

दीड सेकंद जास्त वाटतो का? उजव्या खांद्याला बाबांना कमी लागेल असं वाटतंय. उद्या सकाळी ते चहा घेऊन सोप्यावर बसले की दोन्ही हातांनी वेगवेगळं मोजते. चवथीला घर पाहुण्यांनी भरेल, तेव्हा त्याआधी रिले बसलाच पाहिजे.