रक्तात डोक्यातली गाठ दिसते का?

"मॅडम, चेकअपमध्ये ब्रेन ट्यूमरची पण रक्ततपासणी घाला ना." सिन्नरच्या माझ्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये महिन्यातून एकदा तरी कुणीतरी हे म्हणतंच. काल तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते. धडधाकट माणसाचं रक्त घेऊन मेंदूत गाठ आहे की नाही हे खात्रीने सांगणारी तपासणी अजून नाही. कुणी पॅकेजमध्ये विकत असेल तर घेऊ नका.

मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची वीण फार घट्ट. आतलं सहजासहजी रक्तात उतरत नाही. २०१४ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी रुग्णांच्या रक्तात गाठीच्या डीएनएचे तुकडे शोधले. आतडं, स्वादुपिंड, अंडाशय यांच्या वाढलेल्या कर्करोगात ते पाऊणपेक्षा जास्त रुग्णांत सापडले. मेंदूच्या आधार-पेशींपासून होणाऱ्या गाठीत, म्हणजे ग्लायोमात, दहातल्या एकातही नाही. जीएफएपी नावाचं प्रथिन ग्लिओब्लास्टोमात, म्हणजे सगळ्यात आक्रमक ग्लायोमात, रक्तात वाढतं खरं, पण मोटरसायकलवरून पडून डोक्याला मार लागला तरी ते वाढतंच.

शिवाय हा आजार दुर्मीळ. लाखात दहा जणांना गाठ आहे आणि तपासणी शंभरात नव्वद वेळा बरोबर येते असं धरा. नऊ जण सापडतील, एक सुटेल, आणि जवळजवळ दहा हजार निरोगी माणसं घाबरून एमआरआयच्या रांगेत उभी राहतील.

ज्याला त्रास होतोय त्याचं गणित मात्र वेगळं, आणि मला आशा वाटते ती तिथेच. स्कॉटलंडच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातल्या संशोधकांनी रक्तावर इन्फ्रारेड किरण सोडून पाहिले. २०१९ च्या त्यांच्या अभ्यासात १०४ जणांपैकी १२ जणांना कर्करोग होता; त्यातले १० ओळखले गेले. कुणाचा स्कॅन आधी करायचा, हे ठरवायला एवढंही मोलाचं आहे. आमच्या नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्सची ‘त्रिनेत्र-ग्लिओ’ ही तपासणी रक्तात फिरणाऱ्या गाठीच्या पेशी शोधते. २०२३ मध्ये औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने तिला ‘ब्रेकथ्रू डिव्हाइस’चा दर्जा दिला. ही मंजुरी नव्हे, पण मला त्याचा फार अभिमान वाटला.

एका गाठीचा माग मात्र मी माझ्या लॅबमध्येही काढू शकते. मेंदूच्या बुडाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं संप्रेरक, बनवणारी गाठ झाली की बाईची पाळी थांबते, बाळ नसताना दूध येतं, आणि रक्तातलं प्रोलॅक्टिन खूप वाढलेलं दिसतं. ही गाठ बहुतेकदा गोळ्यांनीच आक्रसते.

माझ्या मामाला सकाळी डोकं दुखायचं. पित्त म्हणून चार महिने औषधं चालली, मग चष्म्याचा नंबर बदलला. मी तेव्हा एमडी करत होते, तरी माझ्याही मनात आलं नाही. एका सकाळी आकडी आली तेव्हा स्कॅन झाला. त्याच्या फायलीतले रक्ताचे सगळे रिपोर्ट नॉर्मल होते.

तुमचे मिस्टर महिनाभर पहाटे डोकं दुखून उठतात, उलटी झाली की बरं वाटतं, असं तुम्ही जाता जाता म्हणालात. त्यांना रक्त द्यायला माझ्याकडे पाठवू नका. न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, आजच.